फ्लेक्सवरचा मजकूर

उपनगरातल्या नगरपरिषदेच्या शाळेचा दहावीचा निकाल घसरला, तेव्हा शिक्षण सभापती ढोलेसाहेबांनी "पैसा वाया जातोय" म्हणत तिचं अनुदान बंद केलं. यंदा तीच शाळा तालुक्यात पहिली आली, तर साहेब भर सभेत म्हणाले, "अनुदानावाचून काही अडलं नाही ना? मग आता कशाला हवं?"

मुख्याध्यापिका शेवंताबाई पार चक्रावल्या. निकाल घसरला तरी नाही, सुधारला तरी नाही. मग मिळायचं तरी कधी?

तेवढ्यात साहेबांनी फर्मावलं, "चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावा. माझा फोटो मोठा हवा."

"लावते की," बाई गोंधळूनच म्हणाल्या. "फक्त खाली काय लिहू? 'सभापतींनी एक पैसाही न दिल्यामुळे शाळा पहिली'?"

सभागृहात खसखस पिकली. साहेब घाम पुसत पुटपुटले, "थांबा हो! आधी अनुदानावर सही करतो, मग छापा."