अंदाजाने उतरायचा घाट

उंबरमाळची सौरवीज गाव स्वतःच चालवतं. पण बॅटरीत किती वीज उरली, हे मोबाईलवर दाखवणारी यंत्रणा गावाकडे नव्हती. त्यापायी आरोग्य उपकेंद्रातला लसींचा फ्रिज दोनदा बंद पडला. वीज समितीची अध्यक्ष सुगंधा भोये हिने या यंत्रणेसाठी शहरातल्या एका प्रतिष्ठानकडे निधी मागितला, तेव्हा तिथले उपासनी साहेब पर्यावरणाच्या काळजीने विजेच्या गाडीतून पाहणीला आले आणि गाडी गावाच्याच विजेवर चार्जिंगला लावून बसले.

"पॅनेल मागा, देतो. ते फोटोत दिसतं," साहेब म्हणाले. "ॲपचा काय फोटो काढायचा? तुम्ही निसर्गाच्या जवळची माणसं. अंदाजाने भागवा."

सुगंधाने मान डोलावली. साहेब निघायला गाडीत बसले, तशी तिने शेजारच्या सीटवरचा पांढरा टॉवेल उचलून समोरच्या स्क्रीनवर नीट पसरला.

"अहो ताई, हे काय? चार्जिंग किती झालंय ते दिसायला नको? पुढे घाट आहे."

"अंदाजाने उतरा की, साहेब. तुमच्या एकट्याच्या गाडीला स्क्रीन लागते, आमचं तर अख्खं गाव आहे."

महिन्याभरात निधी आला. ही कल्पना आपल्याला घाटात सुचली, असं साहेब हल्ली भाषणांत सांगतात.