मालकाचा हात

ओढ्याकाठच्या एका गावात पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणारा कारखाना होता. ओढ्याच्या पाण्यावर मोठं चाक फिरे, चाकावरून पट्टा येई आणि त्या पट्ट्यावर यंत्र चाले. यंत्राचा जड घण खाली आला की त्याखालची पोलादी डाय पत्र्यातून गोल झाकण कापून काढी. घण वर अडवून धरायला एक लोखंडी खिट्टी होती.

डायची धार बोथट झाली की ती बदलायचं काम तुळसाक्काचं. आधी पट्टा उतरवायचा, मग घणाखाली सागाचा जाड ठोकळा उभा करायचा आणि मगच हात आत घालायचा, अशी तिची रीत होती.

जत्रा चार दिवसांवर आली होती, जत्रेसाठी झाकणांना मोठी मागणी होती, आणि नेमक्या तेव्हाच झाकणांच्या कडा फाटक्या निघू लागल्या. तुळसाक्का पट्टा उतरवायला निघाली तसा मालक आडवा आला.

"पट्टा उतरवून चढवायचा म्हणजे अख्खी सकाळ गेली. घण वर आहे, खिट्टी लावलीय. तशीच बदल."

"खिट्टी झिजलीय. मागच्या आठवड्यात सांगितलं होतं तुम्हाला. मी हात घालणार नाही."

"मग घरी बस!" मालक खेकसला आणि त्याने बळवंताला हाक मारली. बळवंता दोन लेकरांचा बाप, स्वभावाने भिडस्त. कुणाला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"बळवंता, नको!" अक्का ओरडली.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मालकाकडे, आणि हात आत घातला. डाय निम्मी बाहेर आली असेल नसेल, खिट्टी सटकली आणि घण कोसळला.

बळवंताच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मालकाने सगळ्या कामगारांना यंत्रापाशी जमवलं. "बळवंताने निष्काळजीपणा केला. तुम्ही जपून काम करा," तो म्हणाला. सगळे खाली मान घालून उभे राहिले.

तुळसाक्का गर्दीतून पुढे आली.

"निष्काळजीपणा? काल सांगितलं कुणी त्याला? त्याचा हात तुमच्या शब्दावर आत गेला, मालक! आणि मी नुसती ओरडत राहिले. धावत जाऊन त्याला मागे ओढायला हवं होतं मी. त्याचा राग माझा मलाच जाळतोय. पण तुम्हाला साधी लाजही नाही?"

"तोंड सांभाळ!"

"नाही सांभाळत. डाय अजून निम्मीच निघालीय. घण पुन्हा वर आहे, तीच खिट्टी लावलीय. बदला तुम्ही. तशीच!"

पट्टा सळसळत होता. मालकाने रागारागाने बाही वर सारली, हात पुढे केला. घणाच्या सावलीपर्यंत हात गेला आणि तिथेच थांबला. त्याने हात मागे घेतला.

"नाही घालवत," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोला."

"चूक माझी होती," मालक सर्वांदेखत म्हणाला.

त्या दिवशी यंत्र बंदच राहिलं. नवी खिट्टी बसेपर्यंत एकाही कामगाराने पत्र्याला हात लावला नाही, आणि जत्रा झाकणांवाचून पार पडली. पुढे मालक बळवंताच्या दारी माफी मागायला गेला. बळवंताने त्याला पाणी दिलं, पण माफी दिली नाही. ती द्यायलाच हवी होती, असंही गावात कुणी म्हटलं नाही.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जिथे स्वतःचा हात घालायला आपण धजत नाही, तिथे दुसऱ्याला हात घालायला सांगू नये, आणि कुणी सांगत असेल, तर गप्प उभं राहू नये.