उस्तादांना न्यायला

"उस्ताद, या मेसमध्ये तुमचं मन रमतं तरी कसं?"

विचारणारा निशिकांत बेंद्रे, शहरातल्या बड्या हॉटेलातला शेफ. बोलणं अदबीचं होतं, पण नाक मुरडलेलंच होतं.

दाऊद मुकादम उस्ताद दुधी सोलत होते. त्याच हॉटेलात त्यांनी निशिकांतला सुरी धरायला शिकवलं होतं. मग एके दिवशी पांढरी टोपी उतरवून ते विद्यापीठाच्या भोजनगृहात आले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला.

"रमतं," उस्ताद म्हणाले.

"मालक नवं दालन उघडतायत. तुम्हाला परत आणलं, तर ते माझ्या हाती. नाही आणलं तर..."

"तर?"

"तर दुसऱ्याला देतील. आयुष्य घातलंय मी त्यासाठी, उस्ताद."

उस्तादांनी सुरी त्याच्यापुढे धरली.

"आज दुपारचं तू रांध. पोरं तृप्त झाली, तर संध्याकाळी निघू."

निशिकांतने बाह्या सरसावल्या. दुधीच्या पातळ पट्ट्यांत सारण भरून त्याने सुरळ्या केल्या. प्रत्येक ताटात दोन सुरळ्या, बाजूने कढीची नाजूक रेघ आणि भाताची लिंबाएवढी मूद. खिडकीतून जाणाऱ्या एकेका ताटाची कड तो फडक्याने पुसत होता. रांग व्हरांड्याबाहेर गेली, पण त्याला त्याचं काय!

खरं सांगायचं तर ताट देखणंच होतं. पोरांनी फोटो काढले.

"कसं लागलं?" तो टेबलाटेबलाशी जाऊन विचारू लागला.

"एक नंबर, सर!"

उस्ताद तिकडे फिरकलेच नाहीत. खरकटी ताटं ठेवायच्या टबाशी स्टूल टाकून ते बसले होते. रोज तिथेच बसत.

ताटं येऊ लागली. लख्ख. एक शीत मागे राहिलं नव्हतं.

"बघा, उस्ताद! चाटूनपुसून खाल्लंय. भरा बॅग!"

 ताट ठेवायला आलेल्या मुलीला उस्तादांनी हाक मारली.

"शलाका, पोट भरलं का गं?"

मुलीने एकदा निशिकांतकडे पाहिलं आणि ओशाळून हसली.

"जेवण भारीच होतं, उस्ताद... आम्ही जरा गेटावर जाऊन येतो."

"गेटावर काय आहे?" निशिकांतने विचारलं.

"वडापावची गाडी, सर."

निशिकांतने व्हरांड्यात पाहिलं. घोळकेच्या घोळके गेटाकडे चालले होते. त्याचे कान तापले. हातातलं फडकं त्याने उगाच घडी करून ठेवलं.

उस्ताद उठले. मोठं पातेलं शेगडीवर चढवलं आणि तांदूळ धुवायला घेतले.

"म्हणजे... तुम्ही येणार नाही."

"न्यायलाच आलायस ना?" उस्ताद म्हणाले. "आधी गेटावर जा. त्या पोरांना परत आण."