पोहऱ्यातली बेडकी

डोंगरात नुकती खाण लागली होती, तेव्हाची गोष्ट. दूरच्या सरोवरात शिकलेली एक बेडकी खाणीखालच्या आपल्या विहिरीत परतली. भाचरं अंगावर उड्या मारतील, असं तिला वाटलं होतं. वरचं पाणी नितळ होतं, पण तळाच्या तांबड्या गाळात भाचरं मरून पडली होती.

"कासवआजोबा, खाणीचं घाण पाणी साठवलेल्या तळ्यातलं विष जमिनीखालून झिरपतंय! माणसंही हेच पितात."

"आल्या मोठ्या शहाण्या! पोहरा आला की दडायचं, ही विहिरीची रीत. वर गेलेल्याला माणसं दगडावर आपटतात."

"आपण दडतो, म्हणूनच त्यांना पाणी चांगलं वाटतं!"

सकाळी पोहरा उतरला. सगळे दडले. बेडकीनं मेलेली भाचरं पोहऱ्यात ठेवली, त्यांच्याशेजारी बसली आणि वर बघून ओरडू लागली.