भंडारा आणि बचनाग

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एकदा एक वैद्यबुवा राहत होते. वय ऐंशीच्या घरात, बोलणे मोजके, नजर धारदार. त्यांच्या हाताखाली सारजा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी विद्या शिकत होती. मुळ्या खणायच्या, वाळवायच्या, खलात कुटायच्या, असे तीन वर्षे चालले होते. बुवांचा एकच नियम मोठा जाचक होता. पुडी कोणीही बांधलेली असो, रोग्याच्या हाती देण्यापूर्वी ती उघडायची, पाहायची, हुंगायची. "तुम्ही बांधलेलीसुद्धा?" असे तिने पहिल्याच दिवशी विचारले, तेव्हा बुवा म्हणाले होते, "माझी तर आधी. म्हाताऱ्याचा हात चुकतो."

औषधाच्या बाबतीत सारजा हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळायची. माणसांच्या बाबतीत तिला तो सुचलाच नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

गावात सरपंचपदाची निवडणूक लागली. सारजाचे हे पहिलेच मत. उमेदवार दोन. एक लाकडाच्या वखारीचे मालक गेनूशेठ, दुसरी ठकूबाई. ही ठकूबाई हिरडा गोळा करून पोट भरणारी विधवा. तोंडाची इतकी फटकळ की ती दिसली तर लोक वाट बदलत. सारजाच्या आईला तिने एकदा पाणवठ्यावर चारचौघींत "आळशी म्हैस" म्हटले होते, ते घरात कोणी विसरले नव्हते.

मतदानाआधीच्या रविवारी गेनूशेठनी सारजाच्या वाडीतल्या बायकांना खंडोबाच्या देवळात बोलावले. प्रत्येकीला एक खण दिला आणि ताटात बेलभंडारा पुढे केला. हळदीतले बेलाचे पान उचलायचे आणि देवासमोर म्हणायचे, मत शेठलाच देईन. ही शपथ मोडायला आपल्याकडे भलेभले कचरतात. सारजाच्या पुढे अकरा जणींनी भंडारा उचलला. आईने मागून कोपर मारले. बारावा हात सारजाचा.

ती मूर्ख नव्हती. पण शहाणे माणूससुद्धा रांगेत उभे राहिले की आपला हात पुढच्याच्या हातामागे जाऊ देते. हात आपला आहे हे नंतर आठवते.

बुधवारी सकाळी ती मुळ्या आणायला डोंगरावर गेली आणि जागीच थिजली. हिरड्याच्या खोडाखोडावर चुन्याचे पट्टे ओढलेले. ताजे, बोटाला लागतील असे ओले. तोडायच्या झाडांवर वखारीची माणसे अशीच खूण करतात, हे वाडीत कोणाला सांगावे लागत नाही. वाडीतल्या निम्म्या चुली तो हिरडा विकूनच पेटत. झाडे पाडायची तर ग्रामपंचायतीचा ठराव हाताशी हवा, आणि ठरावासाठी सरपंच आपला हवा. शेठना एकाएकी गावाची सेवा का करावीशी वाटली, ते सारजाला त्या पट्ट्यांनी सांगितले.

मतदान दुसऱ्या दिवशी होते. ती धावत घरी आली.

"आये, मी शेठला मत देणार नाही."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "भंडारा उचललायस तू."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं. झाडं पाडणार आहेत ते. मत गुप्त असतं, कोणाला कळतंय?"

"देवापासनं गुप्त असतंय व्हय गं?" आई ताडकन उठली. "तुझा दादा रोज पहाटे घाटातनं टेम्पो काढतो. खंडोबाला खोटं पाडशील आणि एखाद्या वळणाला... माझ्या तोंडून वदवू नकोस सारजे! झाडं पुन्हा येतील. दादा पुन्हा येईल का?"

सारजा तशीच बुवांकडे गेली.

बुवांनी सगळे ऐकून घेतले. ओसरीवर पोटदुखीचा एक म्हातारा कण्हत बसला होता. आत सारजा हात जोडून उभी.

"बुवा, माझं डोकं चालत नाही. तुम्ही सांगाल त्याला मत देते. सुटका करा माझी."

"मी सांगेन तेच करशील?"

"तेच करीन."

"असं नको," बुवा म्हणाले. त्यांनी देवघरातली भंडाऱ्याची वाटी आणून तिच्यापुढे धरली. "शपथ घे. आज मी जे सांगेन ते करीन म्हण."

सारजाने क्षणाचाही विचार केला नाही. भंडारा उचलला, कपाळाला लावला, शपथ घेतली. छातीवरचा धोंडा कोणीतरी उतरवून घेतल्यासारखे तिला वाटले. खोटे कशाला सांगा, तेवढ्यापुरते बरे वाटतेच.

बुवांनी फळीवरची एक पुडी काढून तिच्या हातात दिली. "बाहेरच्या म्हाताऱ्याला दुधातून दे. आता. माझ्यादेखत."

सवयीने सारजाने पुडी उघडली. हुंगली. पुन्हा हुंगली. आत काळपट मुळीचे तुकडे होते. कच्चा बचनाग. त्यातला चिमूटभर पोटात गेला तर म्हातारा दुपार पाहणार नव्हता.

"बुवा, तुम्ही चुकलात. हे विष आहे."

"मी चुकलो नाही. दे."

"बुवा!"

"दूध तिथं आहे. दे म्हटलं ना?"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे हसू नव्हते, रागही नव्हता. बाहेर म्हातारा म्हणाला, "औषध आणताय ना गं बाय?" सारजाने पुडी मुठीत आवळली आणि पाठीमागे नेली.

"नाही देणार."

"भंडारा उचललास की आत्ता."

"उचलला असेल!" ती ओरडलीच. "देवाने मला जाब विचारला तर मी देईन उत्तर. पण त्या माणसाला मी माझ्या हाताने मारणार नाही. तुम्ही सांगितलं तरी नाही, खंडोबा स्वतः येऊन म्हणाला तरी नाही!"

बुवांनी हलकेच तिची मूठ सोडवली, पुडी काढून घेतली आणि फडताळात कुलूपबंद केली. मग म्हणाले, "तू द्यायला निघाली असतीस तर मी हात धरला असता. आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं असतं. बस खाली."

ती खलाशेजारी बसली.

"सारजे, देवाला दिलेला शब्द मोडू नये हे खरं. पण शब्द द्यायला आधी मन लागतं. रविवारी तू न पाहता शपथ घेतलीस, आज माझ्यापुढंही न पाहता घेतलीस. तिथं शेठवर भार टाकला होतास, इथं माझ्यावर. मी भला आहे म्हणून ती शपथ चांगली होत नाही. कुठली मुळी मारते आणि कुठली तारते हे शिकणं सोपं आहे, माकडालाही कळतं. अवघड आहे ते समोर मोठा माणूस उभा असताना आपलं पाहणं न सोडणं. बुद्धी वाढते ती तिथं. मत म्हणजे एवढंच की सगळ्या गावात एक जागा अशी आहे, जिथं तुझ्याऐवजी दुसरं कोणी पाहू शकत नाही. ती जागा तू दोनदा दुसऱ्याला दिलीस."

सारजा म्हणाली, "आणि माझा दादा?"

बुवांनी तिला खोटा धीर दिला नाही. "घाटात गाड्या ब्रेक गेल्याने पडतात, डुलकी लागल्याने पडतात. तुझ्या मताने पडलेली मी पाहिली नाही. पण भीती वाटेल. ती वाटत असतानाच जायचं."

"मग ठकूबाईला देऊ मत?"

"पुन्हा मलाच विचारतेस?" बुवा म्हणाले आणि रोग्याकडे निघून गेले.

सारजा आधी ठकूबाईकडे गेली आणि झाडांचे विचारले. ठकूबाईने विळा न थांबवता ऐकले. "मी निवडून आले तर झाडाला हात लावू देणार नाही. पण गोड बोलीन असं वाटत असेल तर शेठकडं जा. आणि तुझ्या आईला सांग, म्हैस म्हटल्याचं मला वाईट वाटतं. आळशी म्हटल्याचं नाही." सारजाला राग आला आणि हसूही आले. मत द्यावे असे त्यात काही होते, द्यावेसे वाटू नये असेही होते. एवढे तिने नीट पाहून घेतले.

तिथून ती घरी गेली, रविवारी मिळालेला खण उचलला आणि वखारीत गेली. आई मागोमाग आलीच, लेकीला आवरायला. आठदहा माणसे बसली होती. सारजाने खण शेठच्या बाकावर ठेवला. "न पाहता शब्द दिला, चूक माझी. तो परत घेते. मत कोणाला देईन ते सांगणार नाही. चोरून मोडायचा नव्हता म्हणून तोंडावर सांगायला आले."

गेनूशेठ हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरी, देवाशी खेळू नये. भाऊ घाटात गाडी चालवतो ना? ओल्या वळणाला काही सांगता येत नाही."

तेवढ्यात सारजाच्या मागून आईचा आवाज आला, बारीक, चिरका.

"शेठ, हे देव म्हणतोय का तुम्ही म्हणताय?"

आईने सारजाचे मनगट धरले आणि तिला बाहेर ओढून नेले.

गुरुवारी शाळेत मतदान होते. सारजाने मत दिले. दादाचा टेम्पो पहाटेच घाटात शिरला आहे हे ठाऊक असूनही बटण दाबले. ती बाहेर येऊन दाराशी थांबली. मग आई आत गेली.

आईचे मत म्हणजे आजवर एका श्वासाचे काम. आत गेली की बाहेर. आज पुठ्ठ्याच्या आडोशामागून मतयंत्राचा आवाज येईना. मागची रांग चुळबुळू लागली. शेवटी टेबलामागचा साहेब वैतागून म्हणाला, "मावशी, बटण सापडत नाही का? झालं की नाही?"

"गप बसा वाईच," पुठ्ठ्यामागून आई म्हणाली. "बघतेय मी."