पिवळ्या पानांची राखण

मुलांनो, अंगावर एकही पान नसताना थेट मातीतून उगवलेले फूल तुम्ही कधी पाहिले आहे का? भुईचाफा तसा फुलतो. वैशाखात जमीन तापून कोरडी ठणठणीत झालेली असते, आणि एके सकाळी तिच्यातूनच पांढरी-जांभळी सुवासिक फुले वर येतात. पाने मागाहून येतात.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात देवीच्या देवळासमोर भुईचाफ्याचे दोन वाफे होते. मधून पायवाट, अलीकडे एक वाफा, पलीकडे एक. तान्हूबाई माळीण त्यांची निगा राखी. अक्षय्य तृतीयेला भुईचाफ्याची पहिली ओंजळ देवीला वाहायची, आणि ती वाफे राखणाऱ्या हातानेच, असा गावाचा रिवाज होता. तान्हूबाईच्या आजेसासूने ती वाहिली होती, सासूनेही वाहिली होती. त्या दिवशी तान्हूबाई ठेवणीतले लुगडे नेसे आणि मान ताठ ठेवून देवळाच्या पायऱ्या चढे. तिच्याजवळ मिरवण्यासारखे दुसरे काही नव्हते. हे एक होते, आणि तिला ते पुरत होते.

एका वर्षी दौलतराव पाटलांच्या मुलीचे लग्न ठरले. तुळशीचे लग्न झाल्यावर चौथ्या दिवशीचा मुहूर्त निघाला. मांडव देवळासमोर पडणार होता. तोवर भुईचाफ्याची पाने अर्धी पिवळी होऊन जमिनीवर लोळू लागली होती. जागा पाहायला आलेल्या पाटलांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“तान्हूबाई, हा काय पसारा? परवा वऱ्हाड येणार. कापून टाक सगळं.”

“पाटील, फुलं येऊन गेली, पण पानांचं काम उरलंय. खालच्या गड्ड्याला तीच जेवू घालतात. महिनाभर थांबा, आपली आपण गळतील.”

“म्हणजे वऱ्हाडाला महिनाभर वेशीवर बसवू होय?”

भोवतालचे लोक खो खो हसले. तान्हूबाई मात्र जागची हलली नाही. “मी भोवती बांबूच्या तट्ट्या लावते, आंब्याची तोरणं बांधते. पण विळा लावायचा नाही.”

पाटलांना राग आला. “मग ऐका सगळे. जो हे वाफे साफ करील, तोच येत्या अक्षय्य तृतीयेला पहिली ओंजळ वाहील.”

गावातलाच सोपान माळी पुढे झाला. त्याने पलीकडच्या वाफ्यातली पाने सपासप कापली, माती चोपून सपाट केली, वर शेणाचा सडा घातला आणि बायकोकडून भली मोठी रांगोळी काढून घेतली. मग तो अलीकडच्या वाफ्याकडे वळला. तिथे तान्हूबाई मांडी घालून बसली होती.

“आक्का, उठा ना. पाटलांचा हुकूम आहे.”

“विळा चालवायचा तर आधी माझ्या हातावर चालव.”

सोपानने विळा खाली ठेवला. पाटील म्हणाले, “असू दे. लग्नघरी तमाशा नको. लावा त्या तट्ट्या. पण तान्हूबाई, तुझा मान गेला हे लक्षात ठेव.”

तरी ती उठली नाही.

लग्नात रांगोळी पाहायला बायकांची रीघ लागली. एकीने तट्टीआड डोकावून विचारले, “काय गं तान्हूबाई, हळद नवरीला लावली, ती तुझ्या वाफ्याला कशी चढली?”

“नवरीची हळद दोन दिवसांची,” तान्हूबाई म्हणाली, “माझ्या वाफ्याच्या हळदीतून काय फुलतं ते वैशाखात बघायला या.”

मार्गशीर्ष सरता सरता पाने पुरती वाळली. बोट लावताच ती अलगद हातात आली. तान्हूबाईने ती वाफ्यावरच पसरली आणि त्यातले एक घरी देव्हाऱ्यात ठेवले. पुढे चार महिने वाफा उघडाबोडका होता. आपण चुकलो तर नाही ना, असे तिला कितीदा तरी वाटे. मग ती मातीवर तळहात टेकवून घटकाभर बसे.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी अलीकडच्या वाफ्यात कळ्यांची टोके दाटीने वर आली. पलीकडच्या वाफ्यात सोपान गुडघे टेकून माती उकरत होता. त्याच्या हाती सुरकुतलेले, पोकळ गड्डे लागले. कळी एकही नव्हती.

तो खाली मान घालून तान्हूबाईपाशी आला. “आक्का, मान माझा आहे, पण ओंजळ रिकामी आहे. तुमच्या वाफ्यातली फुलं द्याल का?”

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो तिच्या ओठांवर आलाही होता. तिने तो गिळला. “फुलं देवीची आहेत, मी कोण अडवणार? उद्या पहाटे ये आणि खूड. देठ मात्र हळू धर.”

सोपान कळ्यांकडे पाहत राहिला. मग तो तडक पाटलांच्या घरी गेला आणि म्हणाला, “मी नुसती जागा साफ केली, पाटील. ओंजळ आक्कांची आहे.”

पाटील स्वतः आले. त्यांनी एक वाफा पाहिला, दुसरा पाहिला. शेवटी पागोटे सावरत ते म्हणाले, “तान्हूबाई, चूक माझी झाली. उद्याची ओंजळ तूच वाहा.”

“वाहीन,” तान्हूबाई म्हणाली, “पण फुलांची परडी तुम्ही धरायची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतले लुगडे नेसून तान्हूबाईने देवीला पहिली ओंजळ वाहिली. परडी पाटलांनी धरली होती, आणि तिच्या तळाशी देव्हाऱ्यातले ते वाळलेले पिवळे पान होते.

तात्पर्य: बहर ओसरल्यावर जे निस्तेज दिसते, तेच पुढच्या बहराची शिदोरी भरत असते, त्याला त्याचा वेळ द्यावा, आणि ज्याला हे कळते त्याने लोक हसले म्हणून आपली जागा सोडू नये.