बाहेर बसवलेले

"...पण मग मोठा कोण, सर? मी की इम्मू?"

ढोकेसरांनी मान वळवली नाही. ते मैदानाकडे बघत होते.

नागपूरच्या जुन्या वस्तीतलं हे बास्केटबॉलचं मैदान. संध्याकाळची वेळ होती. पोरं खेळत होती आणि ढोकेसर कडेच्या सिमेंटच्या बाकावर बसले होते. मैदानात शिट्टी दुसराच कोणीतरी वाजवत होता. बाकाशेजारी उभं राहून प्रश्न विचारणाऱ्या कैवल्य देवतळेच्या ते ध्यानात आलं नाही. मोठ्या माणसांच्या ध्यानात फार थोडं येतं.

आणि कैवल्य मोठा होताच. व्यावसायिक लीगमधला नावाजलेला खेळाडू. त्याच्याच संघातला इमॅन्युएल फ्रान्सिस, म्हणजे इम्मू, तोही तेवढाच नावाजलेला. दोघंही याच मैदानावर, याच ढोकेसरांच्या हाताखाली वाढले. दोघांत मोठा कोण, यावर नागपूरचे पानठेले वर्षानुवर्षं भांडत आले होते. त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं.

आता बिघडणार होतं. पुढच्या हंगामात संघाला दोघांपैकी एकच ठेवता येणार होता. मालकाला ठरवता येईना. तेव्हा कैवल्यनंच सुचवलं, की आम्हा दोघांना ज्यांनी घडवलं त्या ढोकेसरांना विचारा. ते म्हणतील तो राहील. मालकाला पटलं. इम्मूही हो म्हणाला.

कैवल्यनं हे उगीच सुचवलेलं नव्हतं. मैदानावरचे, बास्केटमागचे दोन्ही काचेचे बोर्ड त्यानं दिले होते आणि दोन्हींवर त्याचं नाव रंगवलेलं होतं. इम्मूनं या मैदानाला आजवर एक चेंडूही दिला नव्हता.

"आकडे बघा ना सर," कैवल्य म्हणाला. "गुण माझे जास्त. लांबून टाकायचं म्हटलं तर लीगमध्ये माझ्यासारखा हात नाही कोणाचा."

"अन् त्याचा?"

"तो दुसऱ्यांच्या हुकलेल्या बॉलचे रिबाउंड घेतो. पास देतो. पण त्याला बघायला लोक येत नाहीत. मला बघायला येतात."

"हाव," सरांनी होकारार्थी मान हलवली. "मी बी तुलेच पाहाले यायचो."

कैवल्यला बरं वाटलं. त्यानं फोन काढून बाकावर ठेवला.

"मग झालं की सर. आता मालकाचा फोन येईल. तुम्ही फक्त नाव सांगा."

सरांनी फोनकडे बघितलं, पण हात लावला नाही.

"आकडे मले समजत नाई, बापू. मी त पोट्ट्याले बाहेर बसवतो अन् पाहतो."

ही सरांची जुनी खोड सगळ्यांना माहीत होती. खेळ ऐन रंगात असताना ते एखाद्याकडे बोट करत आणि म्हणत, बाहेर बस. तो मुकाट्यानं येऊन त्यांच्या शेजारी बसे. कारण विचारायची सोय नव्हती. आपलं काय चुकलं, याचा विचार करत पोरांच्या कित्येक पिढ्या या बाकावर बसून गेल्या. सगळ्यांनी ती शिक्षाच धरली होती.

"मला तुम्ही इथंच, राज्य स्पर्धेच्या फायनलला बसवलं होतं," कैवल्य म्हणाला. त्याचा आवाज बदलला. "टाकीन तो बॉल आत जात होता माझा. आणि तुम्ही बसवलंत... अजून स्वप्नात येतं ते. काय चुकलं होतं माझं?"

"काई नाई."

"मग शिक्षा कशाची?"

सरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

"शिक्षा? शिक्षा कोन म्हनलं तुले?"

कोणीच म्हटलं नव्हतं.

"किंमत पाहत होतो तुयी," सर म्हणाले. "पोट्टा खेळते, तवा त्याची किंमत दिसत नाई. तवा त तोच दिसते. त्याले उचलून बाजूले ठेवा लागते. मंग बाकीचे चौघं पाहा लागते."

"मग इम्मूला बसवल्यावर काय दिसलं?"

"इम्मूले बसवलं का चौघं चाचपडत. इम्मू जिथं राहत होता तिथंच बॉल टाकत. तिथं कोनी नाई. बॉल सरळ लाइनीबाहेर. अन् मंग चौघंबी वळून या बाकाकडे पाहत."

मैदानात एक बास्केट झालं. पोरांनी एकमेकांच्या हातावर टाळ्या दिल्या.

"आणि मला बसवल्यावर?"

"जाऊ दे."

"सांगा सर."

"जाऊ दे ना, बापू. आई कशी आहे तुयी?"

"आई बरी आहे. सांगा."

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला नाही, हातातच ठेवला.

"तू इथं येऊन बसला. टॉवेलात तोंड खुपसलं होतं तू, म्हनून तुले दिसलं नाई."

"काय नाही दिसलं?"

"चौघं हासले."

कैवल्य बाकाकडे बघत राहिला.

"एकमेकाले बॉल देऊ लागले," सर हळूहळू सांगत होते. "त्या साऱ्या स्पर्धेत ज्यानं बास्केटकडे मान वर करून पाह्यलं नोतं, त्या पोट्ट्यानं बास्केट टाकलं. मस्त खेळले ते, बापू. लय मस्त खेळले."

"बाकाकडे बघितलं कोणी?"

सरांनी हातातल्या चष्म्याच्या काड्या मिटल्या.

कैवल्यला रडू येत होतं. अपमानाचं रडू असतं तर त्याला आवरता आलं असतं. पण सर म्हणाले ते त्याला पटलं होतं. संघ बाहेरगावी गेला, की हॉटेलात जेवताना ज्या टेबलाशी तो जाऊन बसे तिथलं बोलणं थांबत असे. ते आपल्या मोठेपणामुळे थांबतं, असं त्यानं इतकी वर्षं मानलं होतं.

"तेव्हाच सांगायचं ना सर," तो म्हणाला. "तेव्हा कोवळा होतो. सुधारलो असतो."

"सांगनार होतो. पन आपन जिंकलो. लोकाइनं तुले खांद्यावर घेतलं."

"मग?"

"मंग मलेबी घेतलं..."

कैवल्यनं वाकून दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. डाव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती.

"ही जागा गेली तर दुसरा संघ घेणार नाही मला. गुडघ्यात काही उरलं नाही." मुंबईला गेल्यापासून तो छापील मराठी बोलत आला होता. आता ती सुटली. "मले दुसरं काईच येत नाई, सर. मी काय करू?"

"माहीत आहे मले," सर म्हणाले. त्यांनी एवढंच म्हटलं. धीर द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हतं आणि नसताना देणारे ते नव्हते.

फोन वाजू लागला. मालकाचा होता.

सरांनी तो बोटानं कैवल्यकडे सरकवला.

"तूच सांग."

"मी?"

"मी काय म्हनतो ते तुले समजलं ना? सांग मंग."

मालक सरांना पुन्हा विचारणार नव्हता. कैवल्यनं स्वतःचं नाव घेतलं असतं, तर जागा त्याचीच झाली असती. फोन उचलताना तेच सांगायचं त्याच्या मनात होतं. समोर त्याचं नाव रंगवलेल्या बोर्डाखाली एका पोरानं उडी मारली आणि चेंडू स्वतः टाकायच्या ऐवजी मागच्याला दिला. मागचा हसला.

"हॅलो... हो, सरांशी बोललो," कैवल्य म्हणाला. "इम्मूला ठेवा म्हणतात."

पलीकडून मालक बराच वेळ काहीतरी बोलत होता. कैवल्यनं फोन बंद केला.

सर बाकावर थोडे सरकले आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"बस."

तो बसला. या जागेवर तो बऱ्याच वर्षांनी बसत होता. या वेळी तोंड खुपसायला टॉवेल नव्हता, म्हणून समोर बघत राहिला. तेव्हा कुठे त्याला मैदानातला शिट्टीवाला दिसला.

"हा कोण?"

"नवा कोच. क्रीडा मंडळानं नेमला, दिवाळीपासून."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर."

सरांच्या गळ्यात मात्र त्यांची जुनी शिट्टी होती. दोरी मळलेली होती.

"मग इथं कशाला येता?"

"येतो. रोज येतो."

"पण कशाला, सर?"

तेवढ्यात चेंडू घरंगळत आला आणि त्यांच्या पायाशी थांबला. एक उंच पोरगा धावत आला. त्यानं वाकून सरांच्या चपलेजवळचा चेंडू उचलला आणि मित्राला हाक मारत तसाच परत गेला. मान वर करून त्यानं बघितलं नाही. इतर कोणीही बघितलं नाही.

विचारू नये हे कैवल्यला कळत होतं, तरी त्यानं विचारलं.

"सर, दिवाळीपासून... या बाकाकडे कोणी वळून बघितलं?"

ढोकेसरांनी गळ्यातली शिट्टी काढली. दोरी तिच्याभोवती नीट गुंडाळली आणि ती खिशात ठेवली. मग चष्मा लावला आणि पुन्हा मैदानाकडे बघू लागले.

"मस्त खेळून राहिले ना पोट्टे..." ते म्हणाले. "लय मस्त खेळून राहिले."